गंजल्या लोखंडाची मोटार

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. परंतु आजच्या जालन्याच्या पाळण्यात सोन्याहून लोखंडच अधिक निजलेले दिसते. औद्योगिक वसाहतीच्या वाटेवर सकाळच्या प्रहरी घटकाभर उभे राहावे, म्हणजे भंगाराने भरलेल्या मालमोटारी एकामागून एक जाताना दृष्टीस पडतात. मोडक्या सायकली, फुटकी घमेली, पंपांची कवचे, गंजलेले पत्रे, मोटारींचे सांगाडे असे नाना गावांचे आणि नाना घरांचे लोखंड येथे येते. ते विजेच्या भट्टीत वितळते, त्याचे ठोकळे पडतात आणि त्या ठोकळ्यांपासून घरबांधणीच्या सळ्या तयार होतात. शुद्ध लोखंड वितळण्यास १५३८ अंश सेल्सिअस इतके तापमान लागते, असे आमचे विद्यार्थी पुस्तकात वाचतात. पण आपल्याच गावात रात्रंदिवस हा प्रयोग चालू आहे, याची आठवण त्यांस क्वचितच होत असेल.

ही व्यवस्था उपयुक्त आहे, यात शंका नाही. निकामी झालेले लोखंड पुन्हा कामास यावे, याहून चांगले ते काय? तथापि भट्टीस निवाडा करता येत नाही. तिच्यापुढे जे येईल ते ती वितळविते. कोणता तुकडा खरोखरच संपला आहे आणि कोणत्या तुकड्यात अद्याप वीस वर्षांचे बळ शिल्लक आहे, हा विचार माणसाने आधी करावयाचा असतो. गेल्या काही वर्षांत आमच्या घरच्या अंगणात हा विचार करण्याचा प्रसंग आला. भट्टीच्या वाटेस लागलेल्या सुट्या भागांतून आमच्या भाच्याने जुन्या धर्तीची एक मोटार उभी केली. तिची हकीकत विद्यार्थ्यांस मनोरंजक आणि त्यांच्या पालकांस विचार करण्याजोगी वाटेल, अशी आशा आहे.

आमची धाकटी भगिनी आमच्याच घरी राहते. तिचे यजमान मालमोटार चालवीत असत. परगावचे भंगार जालन्यास पोहोचविणे हाच त्यांचा व्यवसाय होता. सन २०१५ च्या पावसाळ्यात एका घाटात त्यांच्या गाडीस अपघात झाला आणि ते परत आले नाहीत. मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून भगिनीस मोटारीचा आवाज सहन होईना आणि मुलास मोटारीवाचून दुसरे काही सुचेना. एकाच दुःखाची ही दोन रूपे होती, हे आमच्या ध्यानी हळूहळू आले.

सन २०२१ मध्ये साथीमुळे शाळा बंद होत्या आणि मुले घरात कोंडून पडली होती. भाचा नववीत होता. अभ्यासासाठी हाती दिलेल्या मोबाइलवर त्याने अमेरिकेतील ‘हॉट रॉड’ नावाच्या मोटारींची चित्रे पाहिली. एके रात्री जेवताना तो म्हणाला, “मामा, अशी गाडी आपल्या अंगणात बनवता येईल. सगळं सामान जालन्यातच आहे.” भगिनी ताटावरून उठून आत गेली.

हॉट रॉड म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. फोर्ड कंपनीने सन १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ नावाच्या सुमारे दीड कोटी मोटारी तयार केल्या. त्या जुन्या झाल्यावर अमेरिकेत अगदी अल्प किमतीत मिळू लागल्या. पुढे १९३२ साली त्याच कंपनीने आठ सिलिंडरांचे, रोमन ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे इंजिन सामान्य माणसाच्या मोटारीत बसविले. कॅलिफोर्नियातील तरुणांजवळ नव्या शर्यतीच्या मोटारीपुरते पैसे नव्हते. हाताला कसब मात्र होते. जुन्या फोर्ड गाडीचे छत आणि मडगार्ड काढून टाकावेत, वजन घटवावे, इंजिनावर जादा कार्बोरेटर चढवावेत आणि मुरोकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवराच्या सपाट तळावर जाऊन वेग अजमावावा, असा त्यांचा क्रम असे. १९३७ साली अशा तरुणांच्या मंडळांनी एकत्र येऊन ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदास मोठी भरती आली. परंतु त्याबरोबर शर्यती सार्वजनिक रस्त्यांवरही होऊ लागल्या आणि लोक त्रासून गेले. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले. त्याचे संपादक वॅली पार्क्स यांनी १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. शर्यत रस्त्यावरून उचलून बंद धावपट्टीवर न्यावी आणि गाडीची आधी तपासणी व्हावी, हा तिचा हेतू होता. भाच्यास त्या गाड्यांची चित्रे पाठ होती; हा उत्तरार्ध आम्ही त्यास मुद्दाम वाचावयास लावला.

भगिनीशी आम्ही चार दिवसांनी बोललो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दादा, त्याला बनवू दे. नाही म्हटलं तर तो दुसरीकडे कुठेतरी जाऊन शिकेल. पण मी हो म्हणेपर्यंत ती गाडी फाटकाबाहेर जायची नाही.” ही अट भाच्याने मान्य केली. ती पाळण्याची वेळ आपल्यावर खरोखरच येईल, असे त्यास तेव्हा वाटले नसावे.

या विद्येत आमची गती शून्य. म्हणून आम्ही जुन्या जालन्यातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. सारे गाव त्यांस ‘चाचा’ म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणू. पन्नास वर्षे त्यांनी मोटारींची कामे केली आहेत. आमचा मनोदय ऐकून ते हसले व म्हणाले, “मास्तर, गाडी बनवणं सोपं आहे. भंगार ओळखणं कठीण आहे. ते पोराला शिकायचं असेल तर मी येतो.” तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ते आमच्या घरी येऊ लागले.

सामानाचा शोध सुरू झाला. चासी एका जुन्या जीपची मिळाली. ती जीप केवळ मागील चाकांस ओढ असलेली होती. इंजिन व गिअरबॉक्स अँबॅसडर मोटारीचे मिळाले. आजच्या मुलांस या गाडीची ओळख क्वचितच असेल. १९५७ साली सुरू झालेले तिचे उत्पादन २०१४ साली बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात थांबले. आमच्या इंजिनाचे आकारमान १४८९ घनसेंटिमीटर आणि सिलिंडर चार. प्रत्येक वस्तूची पावती घ्यावी, असा आम्ही दंडक घातला. आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद पाहिल्यावाचून चासीस हात लावला नाही. चोरीचा माल स्वस्त मिळतो खरा. परंतु त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी घरून वसूल झालेली असते.

सामान अंगणात येऊन पडले, तेव्हा शेजारच्या मंडळींनी आमच्याकडे पाहून नापसंतीने मान हलविली. आणि त्यांचे काही चुकले नाही. गंजाचा एक ढीग, याहून ते अधिक काही दिसत नव्हते. गंज म्हणजे लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी यांचा संयोग. ॲल्युमिनियमवर असाच एक थर चढतो. पण तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि हवापाण्यास आतवर वाट देत राहतो. म्हणून वरचा गंज पाहून आतल्या लोखंडाविषयी काहीच सांगता येत नाही. एखाद्या भागावर लाल पूड चढलेली असते आणि ती पुसली की खाली अखंड पोलाद निघते. एखादा भाग रंगाने झाकलेला, गुळगुळीत असतो आणि नख लावताच त्यास भोक पडते.

चाचांनी पहिल्या शनिवारी अंगणात खडूने तीन वर्तुळे काढली. पहिले ठेवावयाच्या वस्तूंचे, दुसरे दुरुस्तीच्या वस्तूंचे, तिसरे भट्टीच्या वस्तूंचे. मग एकेक भाग डिझेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशाने घासून, पॉलिश पेपरने साफ करून भाच्याने त्यांच्यापुढे धरावा आणि तो कोणत्या वर्तुळात जाईल हे स्वतःच सांगावे, असा पाठ सुरू झाला. चासीची परीक्षा हातोडीने झाली. बाजारात मडके घेताना आपल्या घरच्या स्त्रिया ते वाजवून पाहतात, त्याचप्रमाणे चाचा वीतवीत अंतरावर ठोकीत गेले. खणखणीत आवाज आला तेथे पुढे सरकले. बद्द आवाज आला तेथे खडूची फुली मारली. अशा पाच फुल्या पडल्या. तेवढे तुकडे कापून नवे जाड पत्रे जोडण्यात एक उन्हाळा गेला.

या तीन वर्तुळांनी घरात पुष्कळ वाद माजविले. भाच्याची सारी धडपड तिसऱ्या वर्तुळातील वस्तू दुसऱ्यात ढकलण्याची असे. “एवढं चालून जाईल,” हे त्याचे ठरलेले वाक्य. त्यावर चाचांचे उत्तर असे, “चालेल की चालवून घेशील?” मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवून घेणे’ यांत किती अंतर आहे, हे एवढी वर्षे मराठी शिकवूनही आम्ही वर्गात इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगितले नव्हते. वास्तविक जालन्याच्या मुलास हे नवे वाटावयास नको. येथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी स्थापिली आणि बियाण्यांसाठी आपल्या गावाचा लौकिक झाला. बियाण्याच्या शेतात सगळी मेहनत निवडीची असते. ज्या झाडात दोष दिसतो, ते कितीही हिरवेगार असो, शेतकरी ते उपटून टाकतो. मग उरते त्यास बियाणे म्हणतात. लोखंडाची गोष्ट याहून निराळी नाही.

इंजिन चालू करून पाहावे, अशी भाच्यास फार घाई होती. चाचांचा क्रम उलटा होता: आधी ब्रेक, मग इंजिन. जुने ब्रेक उघडले तेव्हा चाकांतील लहान सिलिंडर गंजून घट्ट बसलेले निघाले. ते सर्व तिसऱ्या वर्तुळात गेले आणि नवे आणावे लागले. त्यांची जोडणी झाल्यावरही पेडल दाबले की ते थेट तळास जाई. कारण नळ्यांत हवा राहिली होती. पातळ पदार्थावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम भाच्याने परीक्षेसाठी दोनदा पाठ केला होता. पण हवा दबते आणि तेल दबत नाही, म्हणून नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही, हे त्यास त्या सायंकाळी बोटांस ब्रेकचे तेल लागले असताना उमगले. चाचा पेडल दाबीत, भाचा चाकाजवळचा स्क्रू सैल करी, बुडबुडे निघून जात, पुन्हा स्क्रू आवळला जाई. अखेर पेडल दगडासारखे कठीण झाले. या बोधामुळे त्या वर्षी त्यास विज्ञानात अधिक गुण मिळाले, असे लिहिले असते तर लेखास शोभा आली असती. परंतु तसे झाले नाही. गुण होते तेवढेच राहिले. मात्र आपणास काही समजत नाही, ही त्याची समजूत त्या दिवसापासून गेली.

टायरांची कथा याहून लहान. चार टायर बाजारातून स्वस्तात मिळाले. त्यांवरची नक्षी जवळजवळ नवी होती. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. त्या टायरांवर ‘१८०९’ असे आकडे होते. म्हणजे ते २००९ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झालेले. बारा वर्षांत रबर आतून कडक होऊन तडकू लागले होते. ते टायर परत गेले. पालकांनी आपल्या दुचाकीच्या टायरवरचे हे आकडे आजच वाचून पाहावेत.

इंजिनाची परीक्षा आम्हास सर्वांत आवडली. प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजला, तेव्हा तिसऱ्याचा दाब इतर तिहींहून बराच कमी भरला. चाचांनी त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावयास सांगितले. दाब वाढला. यावरून दोष पिस्टनच्या रिंगांत आहे हे ठरले. कारण तेलाने तेथील फट तात्पुरती बुजली होती. दाब वाढला नसता, तर दोष बहुधा वॉल्व्हमध्ये निघाला असता. न उघडता आतली गोष्ट ओळखण्याची ही रीत पाहून एखाद्या कुशल वैद्याची आठवण होते.

असे काम चालू असता डिसेंबर २०२१ मध्ये वर्तमानपत्रांतून एक बातमी आली आणि आमच्या अंगणात मोठी खळबळ उडाली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने जुन्या सामानातून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, आपल्या मुलाच्या हौसेखातर जीपसारखी एक छोटी गाडी बनविली होती. ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होत असे. तिचे चलच्चित्र पाहून उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो मोटार देऊ केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास ती मिळालीही.

भाचा त्या दिवशी जेवला नाही. “मामा, आपलीही गाडी लवकर पुरी करू. कोणीतरी बघेल.” आम्ही त्यास बातमीचा दुसरा भाग वाचून दाखविला. ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती अडवितील, असेही महिंद्रा यांनी त्याच वेळी लिहिले होते. आणि लोहारांची गाडी त्यांच्या कंपनीच्या संशोधन केंद्रात मांडण्यासाठी नेण्यात आली. कारागिराच्या बुद्धीचा गौरव झाला आणि गाडी रस्त्यावरून बाजूलाही झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी योग्य असू शकतात, हे मुलांस समजावून देणे आम्हास अगत्याचे वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ३९ वे कलम नोंदणीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास मनाई करते. ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. रस्ता सर्वांचा असतो. आपल्या गाडीत काय दडले आहे, हे समोरून येणाऱ्या माणसास ठाऊक नसते. म्हणून कायदा त्याच्या वतीने विचारतो.

त्याच सुमारास आम्ही भाच्यास इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींची गोष्ट सांगितली. त्यांनी ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना १९४९ साली तयार केला आणि पुढे दोन-अडीच तपे ते नवनवे नमुने करीत राहिले. ती गाडी कारखान्यातून बाजारात कधी आली नाही. परंतु आधीचा नमुना धावत असतानाही त्यात सुधारणा हवी म्हणून दुसरा करावयास घेणे, यास जे धैर्य लागते, ते आम्हास यशाइतकेच मोलाचे वाटते.

दहावीनंतर भाचा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास गेला. गाडी आकार घेऊ लागली. सन २०२२ च्या नाताळास आप्तेष्ट आमच्या घरी जमणार होते. त्यांस ती अंगणात चालवून दाखवावी, असा त्याने बेत केला. त्याच महिन्याच्या ११ तारखेस समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला होता. जालन्याजवळून जाणाऱ्या त्या रुंद रस्त्याच्या गोष्टी त्याच्या मित्रमंडळात रोज चालत, आणि आपली गाडी तेथे कशी पळेल याचीही चर्चा होई.

नाताळास आठ दिवस राहिले असता चाचांनी शेवटची परीक्षा घेण्यास सांगितले. पुढचे चाक ज्या पोलादी खुंटीवर फिरते तिला मिस्त्री लोक ‘स्टब’ म्हणतात. दोन्ही स्टब पातळ तेलात रात्रभर बुडवून ठेवले, सकाळी कोरडे पुसले आणि त्यांवर खडूची पूड चोळली. मग हातोडीने हलके ठोकले. भेग असेल तर तिच्यात शिरलेले तेल बाहेर पडते आणि पांढऱ्या पुडीवर तिची रेघ उमटते. उजवा स्टब स्वच्छ राहिला. डाव्यावर, जाड भाग बारीक होतो त्या कोपऱ्यात, केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली.

भाच्याने ती बोटाने पुसली. पुन्हा पूड लावली. रेघ पुन्हा उमटली. तो म्हणाला, “वेल्डिंग मारून घेऊ. वरून घासलं की दिसणार पण नाही.” चाचा म्हणाले, “दिसणार नाही, हेच तर वाईट आहे.” त्यांनी त्यास समजाविले की घडवलेल्या पोलादास वेल्डिंगची आच लागली म्हणजे लगतचे पोलाद ठिसूळ होण्याचा संभव असतो. भेग झाकली जाते. बळ परत येत नाही. भाच्याने हातातील पाना फेकला आणि तो घरात निघून गेला.

सायंकाळी भगिनी अंगणात आली. आजवर ती त्या सामानाजवळ फिरकली नव्हती. तिने तो स्टब हातात घेतला आणि ही रेघ कसली, असे विचारले. आम्ही सांगितले. ती काही वेळ तशीच उभी राहिली, मग तो स्टब घेऊन आत गेली आणि मुलासमोर बसली. त्याच्या वडिलांच्या अपघाताचा पंचनामा तिने जपून ठेवला होता. त्यात काय लिहिले आहे, हे तिने मुलास तोपर्यंत कधी सांगितले नव्हते. मालमोटारीचा पुढचा पाटा अपघातापूर्वीच तुटलेला होता आणि तो तारेने आवळून ठेवलेला होता, असे त्यात लिहिले होते. “त्यांना ते माहीत होतं,” ती म्हणाली. “एवढी खेप चालवून घेतो, मग बदलू, असं मला म्हणून गेले होते.”

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. सकाळी आम्ही उठून पाहतो तो भाचा अंगणात बसून लोखंडी करवतीने स्टबचे दोन तुकडे करीत होता. असे का करतोस, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “अख्खा टाकला तर दुसरा कोणीतरी उचलून लावेल.” ते दोन्ही तुकडे त्याने तिसऱ्या वर्तुळात ठेवले. नाताळास आप्तेष्ट आले, तेव्हा गाडी तीन चाकांवर आणि विटांच्या एका थरावर उभी होती. त्याने कोणापासून काही लपविले नाही. प्रत्येकास ते दोन तुकडे दाखविले. निर्दोष स्टब मिळण्यास पुढे पाच महिने लागले.

त्यानंतरची हकीकत सरळ आहे. लांब बॉनेट, उघडी चाके, दोनच बैठका आणि समोर दोन गोल दिवे, असे गाडीचे रूप ठरले. पत्र्यास वळण देण्यासाठी सुताराकडून लाकडी साचे करून घेतले. त्यावर रेड ऑक्साइडचा हात आणि वर काळा रंग दिला. पालक जमाखर्च विचारतील, म्हणून सांगतो: तीन वर्षांत एकंदर एक लाख अठरा हजार रुपये लागले. त्यांतील सर्वांत मोठा वाटा टायर व ब्रेक यांचा होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या एका स्नेह्यांच्या शेतातील हरभरा निघाला. चहूकडून कुंपण असलेली ती खासगी जमीन मोकळी झाली. गाडी टेम्पोवर चढवून तेथे नेली. प्रथम चाचांनी ती एकट्याने चालविली. वीस किलोमीटरच्या वेगाने पुढे न्यावी आणि थांबवावी, असे त्यांनी दहा वेळा केले. भाच्यास अठरावे वर्ष पूर्ण होऊन परवानाही मिळाला होता. मग तो बसला. भगिनी बांधावर उभी होती. चाचा तिच्याजवळ आले, तेव्हा तिने एवढेच विचारले, “थांबते ना?” चाचा म्हणाले, “पोरी, ही गाडी आधी थांबायला शिकली, मग पळायला.” ती चपला काढून ठेवल्यासारखी जपून गाडीत मुलाशेजारी बसली. त्यांनी शेतास दोन फेऱ्या घातल्या. फाटकाबाहेर नेण्याची परवानगी भाच्याने त्या दिवशी मागितली नाही आणि पुढेही मागितली नाही. गाडी रस्त्यावर चालविण्याजोगी नाही, हे आता त्यास कायद्यावाचूनही कळते. आज तो नोकरीत आहे. दुसऱ्यांच्या गाड्या तपासणे हेच त्याचे काम आहे. तेथे त्यास अतिशय हट्टी समजतात, असे ऐकतो.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांचे हात तेलाने माखले म्हणून त्यांस रागावू नये. घरातील बंद पडलेला पंखा, शिवणयंत्र किंवा सायकल भंगारवाल्यास देण्यापूर्वी ती वस्तू मुलास उघडू द्यावी. मात्र विजेची जोडणी आधी काढावी आणि शेजारी कोणी मोठे माणूस असावे. उघडलेल्या भागांतून चांगला कोणता आणि वाईट कोणता, हे त्याचे त्यास ठरवू द्यावे. विद्यार्थ्यांस सांगणे इतकेच की, परीक्षेत उत्तर चुकले तर गुण जातात आणि पुन्हा मिळविता येतात. कित्येक ठिकाणी तशी सवलत नसते. म्हणून ‘चालवून घेऊ’ हे शब्द तोंडी आले की क्षणभर थांबून आपण कोणाच्या भरवशावर हे म्हणत आहो, याचा विचार करावा.

ज्यांस ती गाडी पाहण्याची इच्छा असेल, त्यांनी शनिवारी दुपारी अवश्य यावे. सध्या अंगणात एका जुन्या पाण्याच्या इंजिनाचे काम चालू आहे. येताना जुने कपडे घालून यावे. कारण चाचा आल्यागेल्या प्रत्येकाच्या हाती तारेचा ब्रश देतात आणि एक तरी भाग घासून घेतल्यावाचून कोणास चहा मिळत नाही.